तुला दहा रुपये कोण देतं?

सकाळी साडेसातला मी दुकानाचं शटर वर करते, तेव्हा रातपाळी सुटलेली माणसं घरी परतत असतात. केसांत धाग्याचा भुगा, डोळे तांबारलेले, आणि बोलणं जरा मोठ्याने, कारण कानात अजून लूमचा खडखडाट असतो. सुरतेतल्या लिंबायत-डिंडोलीच्या पट्ट्यात माझं मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान आहे. इथे पाट्या गुजरातीत आणि बोलणं अहिराणीत. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने पोटासाठी इकडे आली आणि इथलीच झाली. मी नंदुरबारची. लग्न होऊन आले आणि २००९ मध्ये काउंटर टाकलं.

परवा एक भाऊ आले. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, मनं नेट कोन खाई ऱ्हायनं?"

माझं नेट कोण खातंय? रोजचा दीड जीबीचा प्लॅन. रातपाळीहून घरी येईपर्यंत डेटा संपलेला. त्यांची बायको घरी लेस-पट्टीचं काम घेते. कोणत्या साडीला कोणती लेस लावायची, त्याचे फोटो शेठ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. घरात नेट याच फोनच्या हॉटस्पॉटवर चालतं. डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, फोटो गोल-गोल फिरत राहतो, आणि तोवर ते काम दुसऱ्या घरी गेलेलं असतं. म्हणजे त्या दीड जीबीवर एका बाईची दिवसाची मजुरी उभी आहे.

"भाचा सांगतो, एक अ‍ॅप आहे. नेट कुठे जातं, बॅलन्स किती, वैधता कधी संपते, सगळं दाखवतं. फुकट आहे. टाकू का?"

मी म्हटलं, "थांबा भाऊ. चहा घ्या. आधी तुमच्या फोनलाच विचारू."

"टाकू का?" हा प्रश्न मला नवा नाही. एकेकाळी मी त्याला बिनदिक्कत "टाका" म्हणायची. नुसती म्हणायची नाही, स्वतःच्या हाताने टाकून द्यायची. त्याबद्दलच लिहायचं आहे.

वहीचे दिवस

मी दुकान सुरू केलं त्या वर्षी टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि सगळ्या कंपन्यांना त्यामागे धावावं लागलं. तेव्हा स्क्रॅच कार्डं चालायची. दहाचं कार्ड खरवडलं की सात-साडेसात रुपयांचा टॉकटाइम. माणसं एकेक पैसा जपून बोलायची आणि तरी रोज कोणीतरी येऊन म्हणायचं, "ताई, बोललोच नाही तरी बॅलन्स कटला." फोन उघडून बघावं तर कॉलर ट्यून लागलेली, नाहीतर राशिभविष्य, नाहीतर क्रिकेटचा स्कोअर. एक चुकीचं बटण दाबलं की महिन्याला तीस रुपये गेले. पुढे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अशा सेवांसाठी ग्राहकाची दोनदा संमती घेणं बंधनकारक केलं आणि २०१३ मध्ये तो नियम आणखी कडक केला. सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबर आला. तेव्हा ही गाऱ्हाणी कमी झाली.

त्या काळात मी दोनशे पानी वही घातली. नंबर, पॅक, रिचार्जची तारीख, संपण्याची तारीख. चारच रकाने. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे, वर्षाला बारा नाही तर तेरा रिचार्ज, हे लोकांच्या लक्षात राहत नसे. ते मी लक्षात ठेवायची. येता-जाता हाक मारायची, "नाना, उद्या संपतंय हं." २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करता येईल असा निदान एकेक प्लॅन ठेवायला लावला. तरी आमच्याकडे अजून २८ दिवसांचाच हिशेब चालतो.

म्हणजे कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये हिशेब ठेवणारी तिसरी व्यक्ती मीच होते. लोकांनी माझ्यावर विश्वास का ठेवला? वही काउंटरवर उघडी असायची. मी काय लिहिते ते समोर दिसायचं. माझं घर कुठे आहे, माझी माणसं कोण, सगळ्यांना ठाऊक होतं. आणि चार रकान्यांपलीकडे मला काही नको होतं.

पण उघडी वहीसुद्धा घातक ठरू शकते, हे मला २०१७ च्या सुरुवातीला कळलं. उत्तर प्रदेशातून बातम्या आल्या की काही रिचार्जवाले वहीतले मुलींचे नंबर पैसे घेऊन विकतात आणि मग त्या मुलींना रात्री-अपरात्री फोन येतात. माझ्या दुकानी निम्म्या गिऱ्हाईक बायका. बातमी वाचली त्या दिवशी मी पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यात एका ओळीपुरती फट ठेवली आणि तो वहीवर ठेवला. ज्याची ओळ त्यालाच दिसेल. २०१८ मध्ये वोडाफोन आयडियाने बायकांसाठी 'सखी' ही सेवा काढली. तिच्यात दुकानदाराला खरा नंबर न सांगता रिचार्ज करता यायचं. दुकानदाराला पैसे घेऊन रिचार्ज मारायला जेवढं लागतं, तेवढंच त्याला कळलं पाहिजे, हा तिचा मुद्दा होता. तो मला पटला. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र तो मला फार उशिरा सुचला होता.

साठ फोन

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत नेट फुकट झालं. घराघरात दोन-दोन सिम. जुन्या सिमवर इनकमिंग, नव्यावर नेट. माझी वही पुरेना. त्याच सुमारास पाठीला सॅक लावलेला एक तरुण दुकानात आला. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं. दोन्ही सिमचा बॅलन्स, डेटा, वैधता एकाच पडद्यावर. शिवाय तुमचं बोलणं बघून तुम्हाला कोणता पॅक परवडेल तेही सांगणार. गिऱ्हाइकाला फुकट. टाकताना माझा कोड घातला की मला फोनमागे दहा रुपये.

मला ते मनापासून आवडलं. गरिबाचे पैसे वाचवणारी गोष्ट आहे, असंच वाटलं. मी साठ फोनांत ते टाकलं. पडद्यावर एकामागून एक प्रश्न यायचे. मेसेज वाचू द्यायचे का? कॉलची यादी? संपर्क? ठिकाण? मी पटापट 'परवानगी द्या' दाबत जायची. गिऱ्हाईक बघतही नसे. ताई करतेय ना, मग ठीकच असणार. वहीत त्या-त्या नावापुढे मी 'अ' लिहायची, म्हणजे माझे दहा रुपये मागायला सोपं. सहाशे रुपये मिळाले. त्यातून लेकीला दप्तर घेतलं.

मग एक मावशी आल्या. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करणाऱ्या, शाळा दुसरीपर्यंत. जुना घेतलेला फोन त्यांनी माझ्या हातात दिला, मी अ‍ॅप टाकायला लागले, आणि त्यांनी विचारलं, "हे मला फुकट?"

"हो मावशी."

"मग तुला दहा रुपये कोण देतं?"

"कंपनी देते."

"कंपनीला कोण देतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशींनी शांतपणे हात पुढे केला, फोन परत घेतला आणि म्हणाल्या, "राहू दे मग. आधी विचारून ठेव."

त्या रात्री मी माझ्या फोनातलं तेच अ‍ॅप उघडलं आणि त्याला कशाकशाची परवानगी दिली आहे ते एकेक करून पाहिलं. मग माझे मेसेज उघडून बसले. बँकेतून किती काढले, गॅस कधी आला, लेकीची फी भरली का, सासूबाईंच्या तपासणीचा रिपोर्ट कधी मिळणार, ओटीपी. माझं सगळं घर त्या यादीत होतं. त्यात बॅलन्सचा मेसेज एक ओळीचा. त्या एका ओळीसाठी मी सगळी पेटी उघडून दिली होती. आणि आणखी साठ घरांची.

अ‍ॅपला हिशेब कळतो कसा

हे समजून घेतलं की निम्मी भीती जाते आणि उरलेली योग्य जागी लागते. अशा अ‍ॅपकडे मोजायचे मुख्यतः तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग मेसेजचा. प्रीपेड ग्राहकाला प्रत्येक कॉलनंतर किती वेळ बोललात, किती कापले, किती उरले हे कळवायचं, हा नियम ट्रायने २०१२ मध्ये ग्राहक संरक्षण विनियमांत घातला. कॉल संपल्यावर पडद्यावर यायची ती पट्टी त्यातलीच. अ‍ॅप हे संदेश वाचतं, कॉलच्या यादीशी जुळवतं आणि बेरीज मांडतं. हुशारी आहे, पण गोम अशी की मेसेजची परवानगी वाटून देता येत नाही. बॅलन्सचे वाच आणि बँकेचे सोड, असं फोनला सांगता येत नाही. कापडाचा ताका मोजायला आलेल्या माणसाला गोदामाची किल्लीच देऊन टाकण्यासारखं ते आहे. म्हणूनच ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने नियम बदलला. ज्या अ‍ॅपचं मुख्य कामच मेसेज किंवा कॉल हाताळणं आहे, ती आणि थोडे अपवाद सोडून बाकीच्यांना प्ले स्टोअरवर ही परवानगी मागता येईना. पण हा नियम प्ले स्टोअरपुरता. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते, 'फ्री डेटा चेक करा', आणि तिच्यातून एपीके फाइल उतरते. तिला हे कुंपण लागू नाही.

दुसरा मार्ग फोनच्या स्वतःच्या मीटरचा. अँड्रॉइडमध्ये २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला याची नोंद आपोआप होते. बाहेरचं अ‍ॅप 'वापराची माहिती' पाहण्याची परवानगी मागतं आणि तीच नोंद रंगीत चित्रात दाखवतं. यात मेसेज जात नाहीत. पण तुम्ही कोणतं अ‍ॅप किती वेळा, किती वाजता उघडता हे कळतं. रात्री दोनला नोकरीचं अ‍ॅप, पहाटे कर्जाचं अ‍ॅप. माणसाची अडचण ओळखायला एवढं पुष्कळ झालं.

तिसरा मार्ग व्हीपीएनचा. इथे तुमचं सगळं येणं-जाणं त्या कंपनीच्या यंत्रांतून वळवलं जातं. सगळा माल आधी त्यांच्या दारातून जाणार, मग तुमच्या घरी येणार. डेटा वाचवून देतो, सुरक्षित ठेवतो, असं सांगून हा रस्ता बऱ्याचदा उघडून घेतला जातो.

कंपनीला कोण देतं

मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे वाचनातून मिळालं. सगळ्यात स्पष्ट उदाहरण आहे ओनावोचं.

ओनावो ही २०१० मध्ये सुरू झालेली इस्रायली कंपनी. डेटाचा हिशेब ठेवणारं आणि डेटा वाचवणारं अशी अ‍ॅप ती फुकट द्यायची. लाखो लोकांनी घेतली. या लोकांच्या फोनांतली रहदारी ओनावोच्या यंत्रांतून जायची, त्यामुळे जगात कोणतं अ‍ॅप वाढतंय आणि कोणतं ओसरतंय हे तिला घरबसल्या दिसायचं. ऑक्टोबर २०१३ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. पुढच्या फेब्रुवारीत फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप घेण्याची घोषणा केली. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या संसदीय समितीने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं खुली केली. त्यांत ओनावोच्या आकड्यांवरून काढलेले तक्ते होते आणि व्हॉट्सअ‍ॅपची वाढ त्यांत दिसत होती. आपला डेटा किती उरला हे बघायला ज्यांनी अ‍ॅप घेतलं, त्यांच्याच फोनांवरून एवढ्या मोठ्या सौद्याआधी बाजाराचा अंदाज बांधला जात होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या आक्षेपानंतर फेसबुकला 'ओनावो प्रोटेक्ट' हे अ‍ॅप अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरून काढावं लागलं आणि २०१९ मध्ये ते सगळीकडेच बंद झालं. त्याच वर्षी जानेवारीत उघड झालं की फेसबुक १३ ते ३५ वयोगटातल्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन असंच एक 'संशोधन' अ‍ॅप फोनात टाकायला लावत होतं. त्यांत भारतातले लोकही होते. ते वाचताना मला माझे दहा रुपये आठवले. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच, दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. कारण असं, की ओनावोचं अ‍ॅप तुमची माहिती जपतं अशी जाहिरात केली, पण ती माहिती आपल्या धंद्यासाठी वापरतो हे नीट सांगितलं नाही.

हे एकटं उदाहरण नव्हे. 'माय डेटा मॅनेजर' हे डेटा मोजणारं लोकप्रिय अ‍ॅप कॅनडातल्या मोबिडिया कंपनीचं. २०१५ मध्ये तिला अ‍ॅप अ‍ॅनीने विकत घेतलं. अ‍ॅप अ‍ॅनीचा धंदा काय, तर कोणतं अ‍ॅप किती चालतं याचे अंदाज कंपन्यांना विकणं. २०२० मध्ये असंच सेन्सर टॉवर या दुसऱ्या विश्लेषण कंपनीबद्दल बाहेर आलं. तिची व्हीपीएन आणि डेटा मोजणारी अ‍ॅप वेगळ्याच नावांनी चालत होती. गिऱ्हाइकाला वाटायचं, हे मीटर आपलं आहे. मीटर विकत घेणारा निराळाच होता.

दोन मीटर जुळत नाहीत

आता समजा अ‍ॅप प्रामाणिक आहे. तरी त्याचा आकडा आणि कंपनीचा आकडा जुळेलच असं नाही. हे आमच्या सुरतेत समजावून सांगायला सोपं आहे. लूमवर ताका निघतो तेव्हाचं माप एक, आणि तोच ताका मिलमध्ये रंगून आला की माप दुसरं. कापड तेच, मोजण्याची जागा वेगळी. फोन आपल्या दारात मोजतो, कंपनी तिच्या दारात मोजते. मध्ये वाटेत काही तुकडे हरवले आणि पुन्हा पाठवावे लागले, तर ते एकाच मापात धरले जाऊ शकतात. कोणी १००० एमबीचा जीबी धरतं, कोणी १०२४ चा. दिवस कधी बदलला, यातही फरक पडतो. आणि पैसे कापले जातात ते कंपनीच्या मापाने.

म्हणून तक्रार करताना बाहेरच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट फारसा कामाचा नाही. कामाचा आहे तो कंपनीकडूनच घेतलेला हिशेब. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतला तपशीलवार हिशेब मागता येतो आणि त्याला ५० रुपयांहून जास्त घेता येत नाहीत, हे २०१२ च्या त्याच विनियमांत आहे. इतक्या वर्षांत माझ्या दुकानी हे ठाऊक असलेला एकही माणूस आला नाही. तक्रारीचा नंबर १९८. तिथे डॉकेट नंबर मिळतो, तो लिहून ठेवायचा. समाधान झालं नाही तर त्याच्या आधाराने कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

कोणी म्हणेल, कंपनीचं मीटर कंपनीनेच वाचायचं, मग ग्राहकाच्या बाजूने कोण? हा प्रश्न रास्त आहे. बाजारात काट्यावर सरकारी शिक्का लागतो तो याचसाठी. कंपन्यांच्या मोजणीची आणि बिलांची दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी व्हावी, असा ट्रायचा नियम २००६ पासून आहे आणि २०२३ मध्ये तो नव्याने आणला गेला. तिसऱ्याने मोजणं मला वाईट वाटत नाही. मीही तेच करत होते. पण मोजणाऱ्याने आपली वही ग्राहकासमोर उघडी ठेवली पाहिजे.

भाऊंचा फोन

भाऊंचा चहा होईस्तोवर मी त्यांचे मेसेज उघडायला सांगितले. उघडले त्यांनीच, मी फक्त पाहत होते. ऑफरच्या ढिगाऱ्यात कंपनीचे तीन मेसेज गाडले गेले होते. डेटा पॅक असलेल्या ग्राहकाला ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की कळवायचं, हा ट्रायचा नियम. पहिला मेसेज रात्री २ वाजताचा. दुसरा ३:४० चा. तिसरा ४:०५ चा.

"भाऊ, पहाटे चारला तुम्ही कुठे होता?"

"खात्यावरच ना, ताई. लूमवर."

"आणि फोन?"

फोन लूमशेजारच्या खिडकीत. इअरफोन कानात. रात्रभर अहिराणी गाणी, पण गाणी यूट्यूबवर, म्हणजे चित्रासकट. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग सिम, मग डेटा वापर असं गेलो. सगळ्यात वर यूट्यूब. रोजचा डेटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो. दिवसपाळीवाल्याचा दिवस सकाळी उजाडतो, यांचा मध्यरात्री. बारापासून चित्र चालू, मध्यम दर्जाचं चित्र तासाला साडेतीनशे-चारशे एमबी खातं, चार तासांत दीड जीबी साफ. घरची माणसं उठतात तेव्हा डबा रिकामा.

भाऊ पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे घरचं नेट मीच खातो."

त्यांच्या आवाजात अपराधीपण होतं, ते मला बघवेना. बारा तास त्या खडखडाटात उभं राहायचं तर माणसाला गाणं लागतंच. मी चित्राचा दर्जा सगळ्यात खाली आणून दिला. तसं केलं की तासाला शंभर एमबीसुद्धा लागत नाहीत. फोटोंचा आपोआप बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट मोबाइल डेटावर बंद केले. डेटाची इशारा-मर्यादा एक जीबीवर लावली, ती फोनातच असते. कंपनीचं अधिकृत अ‍ॅप कुठे आहे ते दाखवलं. आयफोनवाल्यांसाठी एक सांगते, तिथला डेटाचा आकडा आपोआप शून्यावर येत नाही, रिचार्जच्या दिवशी हाताने करावा लागतो.

वेगळं अ‍ॅप लागलं नाही. वीस मिनिटं लागली.

तरीही टाकायचंच असेल तर

काहींना खरंच गरज असते. घरात पाच नंबर, म्हातारे आई-वडील गावी, सगळ्यांच्या तारखा सांभाळायच्या. त्यांना मी आता तीन गोष्टी विचारायला सांगते. पहिली मावशींची: याला पैसे कोण देतं? उत्तर सापडलं नाही तर थांबा. दुसरी: जे काम करणार आहे, त्याला एवढं लागतं का? तारखेची आठवण करून द्यायला मेसेज, संपर्क, ठिकाण यांतलं काही लागत नाही. फोनचं कॅलेंडर पुरतं. तिसरी: उद्या नको झालं तर सगळं पुसून मिळेल का, आणि ते कोणाला सांगायचं?

यातली दुसरी गोष्ट तर आता कायद्यातच आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्या कायद्यात एक उदाहरण दिलं आहे. डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कांची यादीही मागितली आणि माणसाने 'हो' म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, कारण सल्ल्याला संपर्क लागत नाहीत. संमतीची सूचना मराठीत मागण्याचा हक्कही त्यात आहे. मी साठ वेळा 'परवानगी द्या' दाबलं ते इंग्रजीतलं होतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकमधून उतरलेली एपीके फाइल कधीही उघडू नका, ती भाच्याने पाठवलेली असली तरी. कोणी *४०१# लावून पुढे एखादा नंबर दाबायला सांगितला, तर लावू नका. त्याने तुमचे कॉल, आणि कॉलवर येणारे ओटीपी, दुसऱ्याकडे वळतात. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ही सोय म्हणूनच बंद करायला लावली. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर पाहा.

अकरा नावं

मावशींनी विचारल्यानंतरच्या आठवड्यात मी वही काढली. 'अ' लिहिलेली साठ नावं होती. ज्या खुणेने मी माझे पैसे मागितले, तीच खूण आता त्या माणसांना शोधायला कामी आली. एकेकाला फोन केला, बोलावलं, परवानग्या बंद केल्या, अ‍ॅप काढलं, प्रत्येकाला सांगितलं की चूक माझी होती. बहुतेकांनी विचारलं, "काही झालं का, ताई?" मला सांगता आलं नाही. पैसे गेले तर कळतं. माहिती गेली तर खिसा तेवढाच जड राहतो.

एकोणपन्नास जण भेटले. अकरा भेटले नाहीत. कोणी गावी परत गेलं, कोणी खातं बदलून पांडेसऱ्याला गेलं, कोणाचा नंबरच बंद. आखाजीच्या सणाला, कानबाईच्या रोटांना माणसं इकडची तिकडे होतात, तेव्हा मी अजून ओळखीच्यांकडे चौकशी करते.

भाऊंना परवा निघताना रिचार्ज संपण्याची तारीख सांगितली. मी वहीत लिहिणार तेवढ्यात त्यांनी पेन मागितला. "माझ्याकडेच लिहितो ताई, घरात कॅलेंडरवर," म्हणाले आणि तळहातावर तारीख लिहून घेतली.

ती जुनी वही मी अजून जपून ठेवली आहे. पुठ्ठा अजून तिच्यावर असतो.